दिवस मावळायच्या आत

सदतिसाव्या वर्षी मी पुन्हा शाळेत जाऊन बसलो तेव्हा माझे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. मला शेवटच्या बाकावर बसवले होते. पुढे बसलो असतो तर मागच्या मुलांना फळा दिसला नसता. शेजारी भरमू नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. तो आमच्याच गावचा. चौथीपर्यंत त्याला मीच शिकवले होते. पहिल्या दिवशी तो अंग चोरून बाकाच्या टोकाला बसला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, तुमी बसा ऐसपैस. मी असाबी बसतोय."

ही १९३७ सालची गोष्ट. आज ती लिहायला घेतली तर पहिली शंका हीच येते की यात लिहिण्यासारखे काय आहे. एक माणूस सातवीची परीक्षा द्यायला गेला, एवढेच. पण बाकीचे काही मला लिहिता येईल असे वाटत नाही, म्हणून हेच लिहितो.

आमचे गाव निपाणीपासून साडेतीन मैलांवर. गावात बस्ती, म्हणजे आमचे जैन मंदिर, आणि बस्तीच्या ओवरीत लोकल बोर्डाची चौथीपर्यंतची शाळा. त्या शाळेचा मी सहा वर्षे एकटा मास्तर होतो. मास्तर खरा, पण कच्चा. मी स्वतः पाचवीत असताना वडील प्लेगात गेले आणि माझी शाळा तिथेच सुटली. पुढे हाताला लागेल ते वाचत गेलो, पण त्या वाचनाचा दाखला कोण देणार? बोर्डाला पक्का मास्तर मिळत नव्हता, म्हणून मला ठेवले होते.

चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. लग्नकार्यात मी खांबाआड बसतो. बाजारात भाव विचारायचा तर राजमती, माझी पत्नी, पुढे होते. पण त्या ओवरीत, चाळीस मुलांसमोर, माझा आवाज मोकळा होई. का होई, ते मला कधी कळले नाही. असे माझ्या आयुष्यात दुसरे ठिकाण नव्हते.

त्या वर्षी तपासणीला डिपोटीसाहेब आले. मुलांनी धडाधड उत्तरे दिली. साहेब खूश झाले आणि निघताना जोडे घालता घालता म्हणाले, "मास्तर, मुलं चांगली तयार केलीत. पण तुमची सातवीची फायनल नाही. पुढच्या जूनपर्यंत फायनल पास व्हा. नाहीतर इथे दुसरा माणूस येईल. माझ्या हातात नाही ते."

सवलतही त्यांनीच दिली. गावातली शाळा सकाळी सात ते साडेनऊ भरवायची आणि अकराला निपाणीच्या सातवीत जाऊन बसायचे. म्हणजे रोज सात मैलांची पायपीट, सकाळी मास्तर आणि दुपारी विद्यार्थी. जाताना वाटेत मी स्वतःलाच धडे म्हणून दाखवत असे. समोरून गाडी आली की गप्प होई.

सातवीचे मास्तर मारुतीराव. खानापूरकडचे, निपाणीला बदलून आलेले, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. माणूस मेहनती, पण तोंडाचा तिखट. मला अरे म्हणावे की अहो, हे त्यांचे ठरत नसे. मला काही विचारायचे झाले की ते माझ्या डोक्यावरच्या नकाशाकडे बघत आणि "हे मागच्या बाकावरून कोण सांगेल?" असे म्हणत. मला उत्तर येत असे. पण उभा राहिलो की पस्तीस माना वळत आणि घशातले उत्तर घशातच राही. मग भरमू खालच्या आवाजात सांगू लागे, आणि त्याने सांगितलेले मी बोललो की पोरे हसत. "विद्यार्थ्यानं मास्तराला सांगितलं रं!" मारुतीरावही कधी कधी फळ्याकडे तोंड करून हसून घेत.

हे सगळे चालण्यासारखे होते. अडचण जेवणाची झाली.

आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. मी आणि राजमतीने लग्नानंतर एका मुनिमहाराजांपुढे तसा नियमच घेतला होता, पाणीसुद्धा नाही. दसऱ्यापर्यंत पाचला शाळा सुटली की भरभर चालून उजेडात घर गाठता येई. दसऱ्यानंतर दिवस लहान झाला, तशी राजमती भाकरी बांधून देऊ लागली. सोबत गाळलेल्या पाण्याचा फिरकीचा तांब्या. वाटेत एका विहिरीच्या काठावर बसून, मावळतीकडे बघत, मी जेवत असे. खरे सांगायचे तर ते जेवण मला आवडायचे. आजूबाजूला तंबाखूची हिरवी शेते आणि बोलायला कोणी नाही.

दिवाळीनंतर मारुतीरावांनी फायनलच्या मुलांसाठी जादा तास सुरू केला. पाच ते सव्वासहा, मध्ये सुट्टी नाही. भूमिती आणि गणित, म्हणजे नेमके माझे कच्चे विषय. पहिल्याच दिवशी वर्धमान नावाचा एका व्यापाऱ्याचा मुलगा उठला. वर्गात माझ्याखेरीज तेवढा एकच जैन.

"मास्तर, आमच्यात दिवस बुडायच्या आत जेवतेत. आई वरडंल."

"मग साडेपाचला जात जा. आणखी कोण आहे का असं?"

मी उठलो नाही. का, ते मी अनेकदा स्वतःला विचारले आहे. सकाळी पाच-दहा मिनिटे उशिरा येण्याची सवलत मी आधीच घेतली होती, आणखी किती मागायच्या? शिवाय मला साडेपाचला जायचे नव्हते. तो तास मला हवा होता. पण हे झाले नंतर सुचलेले. त्या क्षणी एवढेच मनात होते की आता आपण उठलो तर सगळे बघतील.

भाकरीचे गाठोडे तसेच घरी परत आले.

"जेवला न्हाईसा?" राजमतीने विचारले.

"तास होता."

"मग मधल्या सुट्टीत खावा की."

"सुट्टीत वेळ मिळत नाही."

हे खोटे होते. दुपारची सुट्टी चांगली अर्ध्या तासाची होती. एकदा मी गाठोडे घेऊन शाळेमागच्या चिंचेखाली गेलो. गाठ सोडतोय तोवर दोन पोरे येऊन उभी राहिली. "मास्तर, काय आणलंय?" एकाने विचारले. विचारण्यात वाईट काही नव्हते. पण मी गाठ पुन्हा बांधली आणि भूक नसल्यासारखा उठून वर्गात आलो. मोठ्या माणसाने पोरांच्या घोळक्यात बसून शिदोरी सोडायची, हे मला जमले नाही. एवढेच कारण. याहून मोठे कारण असते तर बरे वाटले असते.

मग रोज तेच होऊ लागले. सकाळी साडेनऊला मुले सुटली की ओवरीमागे उभ्याउभ्या भाकरीचे चार घास, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. सहाच्या पुढे मास्तर फळ्यावर त्रिकोण काढत आणि माझ्या डोळ्यांपुढे त्रिकोणाच्या बाजू हलत. सव्वासहाला सुटून घरी येईपर्यंत साडेसात होत. राजमती गाठोडे घेई, सोडे आणि भाकरी म्हशीच्या रेडकाला घाली. एखाद्या दिवशी म्हणे, "शाळा शिकाय जातासा का उपास शिकाय?"

मी हसत असे. ती हसत नसे.

जानेवारीत सराव परीक्षा झाली. मराठी, इतिहास, भूगोल यांत मी वर्गात पहिला आलो आणि गणित-भूमितीत शेवटून दुसरा. शेवटचा मुलगा परीक्षेला आलाच नव्हता. मारुतीरावांनी पेपर वाटले आणि या वेळी नकाशाकडे न बघता माझ्याकडे बघितले.

"महिनाअखेर फॉर्म बेळगावला जायचे आहेत. जो पास होईल असं मला वाटतं त्याच्याच फॉर्मवर मी सही करतो. गेल्या साली तिघांच्या फॉर्मवर दया म्हणून सही केली, तिघंही नापास. शाळेचं नाव जातं. आता तुम्हीच सांगा, मी काय करू? तासाला बघावं तर तुमचे डोळे मिटलेले. एकेक दिवस तर झोकांडी जाते. वय झालं की डोकं चालत नाही, त्याला तुमचा तरी काय इलाज?"

पोरे हसली नाहीत. हसली असती तर बरे झाले असते. भरमू खाली मान घालून बाकावर नखाने रेघा ओढत होता.

मी "बरं" म्हणालो. फॉर्म नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे जूननंतर ओवरी नाही. इतके स्पष्ट होते. तरी माझ्या तोंडातून "बरं" एवढेच निघाले. बाहेर येताना मला वाटत होते की मास्तर म्हणतात तेच खरे असावे. वय झाले. आपण उगाच बसलो पोरांत.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा ओसरीत माझी थोरली बहीण जयाबाई बसली होती. ती विधवा, आमच्याच घरी असते, आणि मनात आलेले तोंडात अडवायची तिला सवय नाही. राजमती गोठ्यात होती.

"काय झालं रं? तोंड का असं?"

मी सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "नापास हो न्हाईतर पास हो. पर ह्यो खेळ आता थांबीव. एक सोडून दोघं मरशीला."

"दोघं?"

"मग! ती जेवतीय कुठं? तू जेवला न्हाईस तर तिला घास जातोय व्हय? दिवस बुडंस्तवर दारात हुबी असती, लांबनं तू दिसतोस का बघत. दिवस बुडला की तशीच उपाशी आत येती. दोन म्हैनं झालं."

"मला बोलली नाही ती."

"तू तरी कुठं बोलतोस? दोगंबी मुके. म्याच काय ती ह्या घरात वटवट करायची."

राजमती धारेची चरवी घेऊन आत आली. आमची तोंडे बघून तिला कळले. "आक्का, तुमाला सांगू नका म्हटलं होतं न्हवं?" एवढे म्हणून ती आत गेली. कंदिलाच्या उजेडात मला पहिल्यांदा दिसले की तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरतात. रोज बघत होतो, पण दिसले नव्हते. पुस्तकातली ओळ मी एकदा वाचली की विसरत नाही, आणि हे मला दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी निघताना मी तिला म्हणालो, "आज तू वाट बघू नकोस. वेळेत जेव. मी जेवणार आहे."

"कसं?"

"ते बघतो."

तिचा विश्वास बसला नाही. माझाही नव्हता.

जादा तास सुरू झाला. काळ-काम-वेगाचे गणित होते. बारा माणसे एक बांध अठरा दिवसांत घालतात, त्यांतली चार आधीच पळून जातात. मारुतीराव विचारत होते, "मग उरलेल्यांना किती दिवस?" साडेपाचला वर्धमान उठून गेला. खिडकीतून येणारे ऊन फळ्यावरून भिंतीवर गेले आणि भिंतीवरून वर चढू लागले. मी त्या उन्हाकडे बघत होतो. ते तुळईला लागले की दिवस बुडतो, हे दोन महिन्यांत मला पाठ झाले होते. टीचभर राहिले, मग चार बोटे.

मी उभा राहिलो.

"काय?" मारुतीराव म्हणाले. "उत्तर आलं?"

"नाही. मास्तर, दिवस बुडतोय." माझा आवाज मलाच परका वाटला. "मी जेवू का?"

वर्गात कोणीतरी फिसकन हसले. मारुतीराव खडू हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"म्हणजे?"

"मी जैन आहे. दिवस बुडाल्यावर जेवत नाही."

"मग त्या वर्धमानबरोबर का गेला नाहीत?"

"मला तास बुडवायचा नव्हता."

"आणि इतके दिवस? घरी जाऊन काय करत होता?"

"निजत होतो."

"न जेवता?"

भरमूच म्हणाला, "गुरुजी भाकरी रोज आणत्यात मास्तर. खात न्हाईत. मी बघतोय की."

"तू बघतोयस आणि मला सांगत नाहीस होय रे गाढवा?"

"गुरुजींचं कसं सांगायचं?"

मारुतीरावांचा चेहरा लाल झाला. ते माझ्यावर रागावले होते की स्वतःवर, ते मला आजही सांगता येणार नाही. "अहो, मी तुम्हाला भर वर्गात नाही नाही ते बोललो," ते म्हणाले. "आणि तुम्ही 'बरं' म्हणून गेलात! माणसानं तोंड उघडावं की नाही? तुम्हाला काय, पुण्य लागलं. पाप मला!" मग खिडकीकडे बघून एकदम ओरडले, "आता उभे काय राहिलात? सोडा ते गाठोडं! ऊन चाललं!"

"इथं?"

"मग काय चिंचेवर चढणार? बसा. खा. मी शिकवतो. आणि पोरांनो, जो मागं बघेल त्याला हे गणित फळ्यावर करावं लागेल."

मी भाकरी सोडली. अंबाडीची भाजी आणि शेंगांची चटणी होती. सगळी मुले ताठ माना करून फळ्याकडे बघत होती, आणि त्यांच्या पाठींवरूनही कळत होते की ती ऐकत आहेत. भाकरी थंड झाली की चावताना आवाज होतो, हे मला पूर्वी माहीत नव्हते. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, पुढेही वाटली नाही. पण आता थांबणे त्याहून अवघड होते. भरमूने न विचारता तांब्याची फिरकी सोडून तो माझ्या हाताशी ठेवला. शेवटचा घोट घेतला आणि ऊन तुळईला लागले.

"उरलेल्या आठांना किती दिवस?" मारुतीरावांनी विचारले. यावेळी ते माझ्याकडे बघत होते. "सांगा कुंथुनाथराव. आता सांगा."

"सत्तावीस," मी म्हणालो. जिभेवर अजून चटणीची चव होती.

महिनाअखेर त्यांनी फॉर्मवर सही केली. अट एवढीच घातली की रविवारीही त्यांच्या बिऱ्हाडी गणिताला यायचे. मी गेलो. परीक्षा बेळगावला झाली. तिथल्या वडगावात ओळखीच्या एका विणकऱ्याकडे चार दिवस उतरलो होतो. दिवसभर मागांची खटखट चाले, ती पेपर लिहितानाही कानात राही. जूनमध्ये निकाल लागला. तिसऱ्या वर्गात का होईना, पास होतो. भरमू पहिल्या वर्गात आला. गावात त्याच्या आईने साखर वाटली तेव्हा "मास्तरच्या आणि माझ्या लेकाच्या नावानं" असे सांगून वाटली.

निकालानंतर तीन आठवड्यांनी बोर्डाचा हुकूम आला. माझी नेमणूक कायम केली होती. नेमणुकीचे गाव नंदगडपासून दोन कोसांवर, खानापूरच्या जंगलाच्या तोंडाशी होते.

मी हुकूम घेऊन मारुतीरावांकडे गेलो. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"माझ्याच मुलखात टाकलंय की तुम्हाला. पाऊस फार. घोंगडं चांगलं घ्या."

"पण मला इथंच राहायचं होतं. म्हणून तर फायनल दिली."

"असं कसं, कुंथुनाथराव?" ते खरोखरच चकित झाले होते. "कच्च्या मास्तराला काढतात. पक्का झाला की त्याची बदली होते. पहिली नेमणूक स्वतःच्या गावी बोर्ड कुणाला देतं? मी नाही का निपाणीला आलो? मला वाटलं, हे तुम्हाला ठाऊक असेल."

ठाऊक असायला हवे होते. वर्षभर एक बदलून आलेला मास्तर माझ्यासमोर उभा राहून शिकवत होता. मी कधी विचारले नाही. विचारायचे म्हणजे तोंड उघडायचे.

घरी येऊन राजमतीला सांगितले. "हुकूम नको म्हटला तर?" तिने विचारले.

"तर नोकरीच जाईल. आणि इथं तरी कच्च्याला कोण ठेवतंय?"

तिने जोंधळ्यांचे सूप बाजूला ठेवले. मग म्हणाली, "नंदगडाकडं बस्ती आसंल न्हवं?"

"चौकशी करतो."

"तुमी करू नका. आक्काला सांगते, त्या मारुतीराव मास्तरांकडनं काढतील."

नवा मास्तर चिकोडीकडून आला. चोविशीचा, नीटनेटका, पायात नवी चप्पल. सामानाची गाडी बस्तीसमोर उभी होती, राजमती तीत बसली होती आणि बैल अंग झाडत होते. मी त्याला ओवरी दाखवली, हजेरी दिली, खडूचा डबा दिला. मग मुलांची नावे सांगू लागलो. हा शालूबाईचा नागोजी, याला लांबचे दिसत नाही, पुढे बसवा. हा मष्णू, तोंडी सगळे येते, पाटीवर लिहिताना घाबरतो. ही कमला, हिला घरी काम फार, उशिरा आली तर बोलू नका. ही ब्राह्मी, हिला उभी करून प्रश्न विचारू नका. बसल्या जागी विचारा, म्हणजे सांगते.

तो ऐकत होता. पण त्याची नजर दोन-तीनदा गाडीकडे गेली.

"मास्तर," तो नम्रपणे म्हणाला, "तुमचा खोळंबा होतोय. माझं मला कळेल हळूहळू."

"बरं," मी म्हणालो.

अजून छत्तीस मुले राहिली होती. गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत मी त्यांची नावे एकामागून एक राजमतीला सांगत राहिलो आणि ती "हं, हं" म्हणत ऐकत राहिली.